पक्षपंधरवड्यातल्या सहा रात्री: सदाशिव पेठेतून मॉरिशस

सदाशिव पेठेत राहणारं सहा जणांचं कुटुंब. आजोबा ७२ वर्षांचे, मधुमेह, रात्री एकदा इन्सुलिन. आजी ६८, दोन्ही गुडघे धरलेले, जिना उतरताना कठड्याचा आधार लागतो. मुलगा आणि सून दोघंही नोकरीत. नात १३ वर्षांची, नातू ७ वर्षांचा. मागणी साधी होती: गणपती झाले की सगळ्यांनी मिळून आठवडाभर एखाद्या उबदार बेटावर जायचं. ऊन हवं, मुलांना निर्धास्त पोहता येईल असा समुद्र हवा, आजी-आजोबांची दमछाक नको. खर्चाची कमाल मर्यादा ७ लाख रुपये. साल २०२६.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा बेटांच्या दृष्टीने अडचणीचा काळ. आपल्या जवळची बहुतेक बेटं तेव्हा पावसात असतात आणि नेमकी तीच स्वस्तात विकायला ठेवलेली असतात. या दिवसांत बेट वाऱ्यावरून निवडावं लागतं. या घराचं नियोजन त्या एका मुद्द्यावर आधी अडलं आणि त्यानेच सुटलं.

आधी तारखा

यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी शुक्रवारी २५ सप्टेंबरला. घरचा गणपती दहा दिवसांचा, त्यामुळे त्याआधी निघायचा प्रश्नच नव्हता. नातीची सहामाही ८ ऑक्टोबरपासून. २ ऑक्टोबरची सुट्टी शुक्रवारी येते. म्हणजे २८ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर अशा चार रजा टाकल्या की शनिवार २६ ते रविवार ४ ऑक्टोबर हे सलग नऊ दिवस हाती लागतात. वर्षात अशी फट क्वचित सापडते.

आजींनी लगेच विचारलं, “अरे, पण पक्षात निघायचं?” पितृपक्ष २७ सप्टेंबरपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत, म्हणजे १० ऑक्टोबरपर्यंत आहे. हा प्रश्न तिकिटं काढायच्या आधी विचारायचा असतो, कारण नंतर तो निघाला की तारीख बदलायचा दंड सहा जणांचा बसतो. या घरात आजोबांच्या वडिलांची तिथी द्वादशी. ती परतल्यावर येते, त्यामुळे पक्ष घरीच होणार आणि गुरुजींना तारीख आधीच सांगून ठेवता आली. ज्यांची तिथी प्रवासाच्या दिवसांत येते, ती घरं श्राद्ध सर्वपित्रीला करतात. तो मार्ग यांनाही मोकळा होता. आजींचं समाधान झालं, तेव्हाच पुढचं पान उलटलं. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची अशी शंका मनात राहिली तर सगळी सहल अवघडल्यासारखी होते. ती बोलून सोडवणं हाही नियोजनाचाच भाग.

पहिली तीन कोटेशन्स आणि त्यांची गडबड

मार्चमध्ये मुलाने तीन पॅकेजं मागवली: अंदमान, फुकेत, मालदीव. तिन्हींवर घसघशीत सवलत होती. सूनबाईंना सर्वांत स्वस्त अंदमान पटलं होतं आणि आगाऊ रक्कम भरायची तयारी झाली होती. ती भरली गेली असती तर पैसे गेले असते आणि आठवडा हॉटेलच्या व्हरांड्यात.

अंदमानात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. नैऋत्य मोसमी पाऊस मे महिन्यात लागतो तो सप्टेंबर संपेपर्यंत, आणि त्याच्या पाठोपाठ ईशान्य मोसमीच्या सरी सुरू होतात. तिथे खरा घोळ पावसापेक्षा बोटींचा. श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर, इथून स्वराज द्वीपला जाणाऱ्या बोटी समुद्र खवळला की रद्द होतात. तुम्ही एका बेटावर, तुमचं हॉटेल दुसऱ्या बेटावर आणि परतीचं विमान तिसऱ्या दिवशी, अशी कोंडी होते. पायाने अधू माणूस सोबत असताना ही जोखीम घेऊच नये.

फुकेत थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, नैऋत्य वाऱ्याच्या थेट तोंडावर. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबर हेच सर्वाधिक पावसाचे महिने. किनाऱ्यावर लाल झेंडे लागतात, पाण्यात उतरता येत नाही. मालदीवमध्ये ‘हुल्हंगु’ नावाचा नैऋत्य मोसमी काळ मे ते ऑक्टोबर असतो. तिथे सगळे दिवस पावसाचे नसतात हे खरं, पण सहा रात्रींतल्या तीन ढगाळ निघाल्या तर इतक्या महागड्या खोलीत करायचं काय? लक्षद्वीपचा विचार परवाने आणि मोजक्या खोल्या यांमुळे सहा जणांसाठी पुढे सरकलाच नाही.

मोठी सवलत दिसली की आधी त्या जागेचं मोसमी वेळापत्रक उघडायचं. सवलतीचा आकडा बहुतेक वेळा तिथल्या पावसाचाच आकडा असतो.

वारा कुठून येतो

आपल्याकडे जूनपासून येणारा नैऋत्य वारा मुळात विषुववृत्ताच्या दक्षिणेचा आहे. दक्षिण हिंदी महासागरात मस्करीन बेटांच्या आग्नेयेला हवेचा उच्चदाब तयार होतो. तिथून निघालेले आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडतात, वळतात आणि वाटेत बाष्प गोळा करत आपल्याकडे पाऊस घेऊन येतात. ज्या भागातून ते निघतात, तिथे तेव्हा हिवाळा आणि कोरडा मोसम असतो. मस्करीन बेटं म्हणजे मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्ज. पुण्याचा पाऊस ज्या पट्ट्यातून निघतो, त्याच पट्ट्यात पुण्यात पाऊस असताना ऊन असतं.

आपल्याकडे मोसमी पावसाचा परतीचा प्रवास पश्चिम राजस्थानातून सरासरी १७ सप्टेंबरला सुरू होतो. मुंबईतून तो सरासरी ८ ऑक्टोबरला निघतो. म्हणजे २६ सप्टेंबरला विषुववृत्ताच्या उत्तरेला, आपल्या आसपास ऊन शोधणं व्यर्थ. एक तर दक्षिणेला उतरायचं, नाही तर पार भूमध्य समुद्राकडे जायचं. यादी तीनच नावांवर आली.

क्रीट, ग्रीसचं बेट: उन्हाळाभर तापलेला समुद्र सप्टेंबरअखेरीस २४ अंशांच्या आसपास उबदार, आणि उन्हाळ्यातला उत्तरेचा ‘मेल्टेमी’ वारा ओसरत आलेला. हवामानाच्या कसोटीवर उत्तम. पण शेंगेन व्हिसा लागतो: प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलाला ४५ युरो, प्रत्येकाचा किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, शिवाय बोटांचे ठसे द्यायला जाणं. वर किमान एक विमान बदलणं आलंच. आजींसाठी तो प्रवास लांबला असता आणि खर्च मर्यादेबाहेर गेला असता.

बाली: एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा मोसम, समुद्र मॉरिशसपेक्षा उबदार. व्हिसा उतरल्यावर मिळतो, माणशी ५ लाख इंडोनेशियन रुपया, शिवाय दीड लाखाचं पर्यटक शुल्क. दक्षिण बालीचे प्रसिद्ध किनारे मात्र लाटांचे. सात वर्षांच्या मुलाला तिथे पाण्यात मोकळं सोडता येत नाही. सानूर किंवा नुसा दुआ हा त्यावरचा उपाय होता. तो गंभीरपणे विचारात घेतला गेला आणि केवळ प्रवासाच्या तासांवर मागे पडला.

मॉरिशस: मुंबईहून थेट विमान, सहा-साडेसहा तास. भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याची सोय आणि पुरेसे पैसे दाखवले की उतरल्यावर विनाशुल्क प्रवेश मिळतो. निघण्यापूर्वी ऑनलाइन ‘ऑल-इन-वन’ प्रवासी अर्ज भरायचा. घड्याळ फक्त दीड तास मागे, त्यामुळे झोपेचं तंत्र बिघडत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर हे तिथले सर्वांत कोरडे महिने. कडक हिवाळी वारे कमी होऊ लागलेले आणि नोव्हेंबरपासूनचा चक्रीवादळांचा काळ अजून दूर.

उणी बाजूही घरात स्पष्ट सांगितली गेली. समुद्राचं पाणी तेव्हा २३-२४ अंश असतं. कोकणातल्या कोमट पाण्याची सवय असलेल्याला पहिल्या पावलाला अंग शहारतं. दुपारी ते सुसह्य होतं, पण सकाळी सातला पोहायचा बेत करू नये.

आजोबांचा होकार वेगळ्याच कारणाने आला. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते. १८३४ पासून गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या, मजुरांची जहाजं तिथे लागली, त्यांत कोकणातली माणसंही होती, आणि त्यांच्या वंशजांचा मराठी समाज आजही तिथे आहे. पोर्ट लुईच्या बंदरातला आप्रवासी घाट, जिथे हे मजूर उतरवले जात, २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. आजोबा म्हणाले, “एवढं लांब जायचं तर तो घाट बघायचा.”

किनारा कोणता

बेट ठरलं तरी अर्धंच काम झालं. सूनबाईंनी पूर्व किनाऱ्यावरच्या बेल मारचं एक हॉटेल निवडलं होतं. पांढरी वाळू, फोटो देखणे, दर बरा. पण आग्नेय वारा आधी पूर्व किनाऱ्यावर आदळतो. तिथून तो मधल्या पठारावर चढतो, थंड होतो, पाऊस पाडतो आणि पश्चिमेला कोरडा होऊन उतरतो. ताम्हिणीत धो धो कोसळतो आणि सुप्यात माती कोरडी, तोच प्रकार. पठारावर वर्षाला पश्चिम किनाऱ्याच्या चौपट पाऊस पडतो. एवढ्याशा बेटावर, पुणे जिल्ह्याच्या जेमतेम आठव्या भागाएवढ्या देशात, हा फरक आहे.

पूर्वेकडे त्या दिवसांत ऊन असतं, पण वारा अंगाला लागत राहतो. टॉवेल उडतात, वाळू डोळ्यांत जाते, पाण्यातून बाहेर आलेलं मूल कुडकुडतं. म्हातारी माणसं सावलीत बसूच शकत नाहीत, कारण सावलीत वारा बोचतो. नैऋत्य टोकाचं ल मॉर्न नकाशावर आडोशाला दिसतं, पण वारा डोंगराला वळसा घालताना तिथे उलट जोर धरतो. पतंगाच्या दोरीवर पाण्यात सरकणारे खेळाडू तिथे जमतात, ते त्याचसाठी.

तपासायची रीत अशी: हवामानाच्या जुन्या नोंदी देणाऱ्या संकेतस्थळावर गेल्या तीन वर्षांचा नेमका तोच आठवडा उघडायचा आणि दुपारी १२ ते ४ मधला वाऱ्याचा वेग बघायचा. ताशी २० किलोमीटरच्या आत असेल तर लहान-थोर सगळे किनाऱ्यावर बसू शकतात. ३० च्या वर सातत्याने दिसला तर तो किनारा या कुटुंबाचा नाही. ‘पावसाचे दिवस किती’ हा आकडा फारसा उपयोगाचा नसतो. रात्री दहा मिनिटं सर आली तरी तो दिवस पावसाचा मोजला जातो. मिलिमीटर बघा.

शेवटी वायव्येचा त्रू ओ बिश ते माँ श्वाझी हा पट्टा ठरला. वाऱ्याच्या आडोशाला, तळ वाळूचा आणि हळूहळू उतरणारा, आणि काठाला सुरूची झाडं, अगदी कोकणातल्यासारखी. आजी-आजोबांना खुर्ची टाकून बसायला खरी सावली. पश्चिमेचं फ्लिक आँ फ्लाक तितकंच चांगलं होतं. वायव्येचा पट्टा निवडला तो दुकानं आणि पँप्लमूसची वनस्पतीबाग जवळ म्हणून. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला असल्याने गाडीला सव्वा तास लागतो, तेवढं सोसायचं.

बेटाभोवती जवळपास सगळीकडे प्रवाळाचं कडं आहे, त्यामुळे आतलं पाणी तळ्यासारखं शांत राहतं. कड्याला जिथे खिंड आहे तिथे मात्र ओढ जबर असते, आणि दक्षिणेला ग्री ग्रीसारख्या ठिकाणी कडंच नाही. तिथे फक्त बघायचं, पाण्यात उतरायचं नाही. प्रवाळाच्या पाण्यात समुद्री साळू आणि दगडमासा हे दोन धोके आहेत. दगडमासा तळाशी दगडासारखाच दिसतो आणि पाय पडला की पाठीचे काटे घुसतात. म्हणून सहाही जणांना जाड रबरी तळव्याचे पाण्यातले बूट घेतले. पातळ तळव्याचे मोज्यासारखे बूट काट्याला अडवत नाहीत. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा आणि तसंच दवाखाना गाठायचा.

खोल्या, वय आणि १३ वर्षांची नात

विमानात ‘मूल’ म्हणजे २ वर्षं पूर्ण ते १२ पूर्ण होण्याआधीपर्यंत. हॉटेलांची मर्यादाही बहुधा १२ च्या आसपास. नात १३ ची, म्हणजे सगळीकडे प्रौढ. मार्चच्या कोटेशन्समध्ये तिला मूल धरलं होतं. पैसे भरताना फरक निघाला असता. मुलांच्या जन्मतारखा पहिल्याच मेलमध्ये लिहून द्याव्यात, वय लिहू नये.

१ ऑक्टोबर २०२५ पासून मॉरिशसमध्ये १२ वर्षांवरच्या परदेशी पर्यटकाला दर रात्री ३ युरो शुल्क आहे. पाच जण, सहा रात्री, ९० युरो. हॉटेलच्या दरात ते धरलंय की नाही, हे लेखी विचारून घेतलं.

खोल्या दोन: एकीत आजी-आजोबा आणि नात, दुसरीत मुलगा-सून आणि नातू. दोन्ही तळमजल्यावर, शेजारी शेजारी. ‘तळमजला मिळेल’ असं फोनवर कुणीही सांगतं. तो बुकिंगच्या कागदावर आला पाहिजे. न्हाणीघरात बाथटब आहे की नुसता शॉवर, हेही विचारलं, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला टबाचा काठ ओलांडणं हा रोजचा धोका. बुकिंग नाश्ता आणि रात्रीच्या जेवणासह. दुपारी बाहेर खायची पंचाईत नाही: डाळ भरलेली ‘ढोल पुरी’ रस्त्यावर मिळते, दिसायला आपल्या पुरणपोळीची चुलत बहीण, चवीला तिखट. डाळवड्यासारखे ‘गातो पिमाँ’ही मिळतात. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही.

पासपोर्ट

लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो आणि घरोघरी तो विसरला जातो. नातवाचा पासपोर्ट फेब्रुवारी २०२७ मध्ये संपत होता. परतीच्या तारखेपासून सहा महिने, म्हणजे ३ एप्रिल २०२७ पर्यंत, तो चालू असणं सुरक्षित. नाही तर विमान कंपनीच्या खिडकीवरच वाद होऊ शकतो. एप्रिलमध्ये मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात नूतनीकरणाचा अर्ज गेला, सोबत आई-वडील दोघांच्या सहीचं संमतीपत्र. तिकिटं नवा पासपोर्ट हातात आल्यावरच काढली, कारण नूतनीकरणात क्रमांक बदलतो.

तिकिटावरच्या नावाचा घोळ मराठी घरांत हमखास होतो. पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात बऱ्याचदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन नावं असतात. तिकिटावर ती तशीच, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने गेली पाहिजेत. आजींच्या आधार कार्डावर आणि पासपोर्टवर नावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक होता. प्रमाण पासपोर्टचं.

औषधांची पिशवी

या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची चूक इथे सापडली. आजींना गुडघ्यांसाठी लिहून दिलेल्या गोळीत पॅरासिटामॉलबरोबर ट्रामाडॉल होतं. आपल्याकडे ही जोडगोळी सर्रास दिली जाते. मॉरिशसमध्ये अमली औषधांबाबतचे नियम कडक आहेत. तीव्र वेदनाशामकं, झोपेच्या गोळ्या, गुंगी आणणारी औषधं न्यायची तर तिथल्या आरोग्य खात्याची आगाऊ परवानगी लागते. स्ट्रिपवर ब्रँडचं नाव ठळक असतं आणि घटक बारीक अक्षरात, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. प्रत्येक स्ट्रिप उलटी करून घटक वहीत उतरवून काढले, तेव्हा हे दिसलं. डॉक्टरांनी प्रवासापुरती नुसती पॅरासिटामॉल आणि लावायचं मलम दिलं. औषधं दहा आठवडे आधी तपासली, त्यामुळे नव्या गोळीने भागतं का हे बघायलाही वेळ मिळाला. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही याच कारणाने बाद.

आजोबांचं इन्सुलिन: लागेल त्याच्या दुप्पट, दोन वेगळ्या हातबॅगांत. सामानाच्या बॅगेत कधीही नाही, कारण विमानाच्या पोटात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामी. थंड पाऊचमध्ये बर्फाच्या पिशवीला ते थेट टेकू द्यायचं नाही, मध्ये रुमालाची घडी. रात्री दहाचा डोस तिथल्या साडेआठला येतो. डॉक्टरांनी स्थानिक नऊची वेळ ठरवून दिली. चिठ्ठी इंग्रजीत, औषधांच्या मूळ नावांसह, शिक्का आणि सहीची.

विम्यात मधुमेह आणि रक्तदाब लपवले नाहीत. पॉलिसी वाचताना एक वाक्य शोधायचं: आधीपासूनच्या आजाराचा खर्च फक्त जिवावर बेतल्यावर देणार की साध्या बिघाडालाही? बहुतेक स्वस्त पॉलिसी पहिल्या प्रकारच्या असतात. ७० च्या पुढे हप्ता वाढतो, म्हणून आजोबांची पॉलिसी वेगळी काढून इतर पाच जणांची एकत्र घेतली.

ऊन: सप्टेंबरअखेरीस दुपारचा सूर्य तिथे पुण्याइतकाच डोक्यावर असतो, पण वाऱ्यामुळे चटका कळत नाही आणि संध्याकाळी खांदे लाल होतात. सर्वांना पूर्ण बाह्यांचे पोहायचे कपडे. एरवी एका प्रौढाच्या सर्वांगाला एका वेळी ३० मिलि सनस्क्रीन लागतं. बाह्या झाकल्या की सरासरी १० मिलि धरता येतं. सहा जण, दिवसाला दोन वेळा, सहा दिवस: ७२० मिलि. २०० मिलिच्या चार बाटल्या, सामानाच्या बॅगेत. एका छोट्या ट्यूबवर सहा जणांचा आठवडा भागवायला गेलं की तिसऱ्या दिवशी ती संपते आणि तिथे ती महाग पडते.

खाण्यात भडंग, खाकरा, मेतकूट, सगळं सीलबंद. ताजी फळं, कढीलिंब, रोपं, बिया नेऊ नयेत. त्यांना परवाना लागतो.

पैसे

जूनमध्ये पक्की केलेली वाटणी: विमान २ लाख ८० हजार, हॉटेल २ लाख ५०, बेटावरची गाडी ४५ हजार, बोट आणि तिकिटं ३० हजार, दुपारची जेवणं ३० हजार, मुंबईची ये-जा २० हजार, विमा १५ हजार. उरलेल्या ३० हजारांतून पर्यटक शुल्क, आणि बाकी रक्कम न मोडता हाताशी.

परदेशी पॅकेज घेतलं की कंपनी टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ कर, कापते. तो खर्च नव्हे, विवरणपत्र भरताना वळता होतो. पण ज्याच्या पॅनवर कापला जाईल त्यालाच तो मिळतो. आजोबा करपात्र नाहीत. त्यांच्या पॅनवर तो गेला असता तर परताव्यासाठी मुद्दाम विवरणपत्र भरत बसावं लागलं असतं. मुलाच्या पॅनवर घेतला.

दिवसांची मांडणी

रविवारी २७ ला पोहोचायचं, शनिवारी ३ ऑक्टोबरला निघायचं. मधल्या पाच दिवसांत ठरलेले बेत तीनच. सोमवारी काही नाही. एक दिवस नैऋत्येला: गंगा तलाव, शामारेलची रंगीत माती. गंगा तलाव साधारण ५५० मीटर उंचीवर, पठारावर आहे. किनाऱ्यावर ऊन असताना तिथे धुकं आणि भुरभुर असू शकते, म्हणून सहा स्वेटर. एक अर्धा दिवस पोर्ट लुई: आप्रवासी घाट आणि बाजार. एक अर्धा दिवस पँप्लमूसची बाग, परातीएवढ्या पानांच्या कमळांची.

बोटीचा दिवस मुद्दाम ठरवला नाही. तिथे पोहोचल्यावर पाच दिवसांचा वाऱ्याचा अंदाज बघून सर्वांत शांत दिवस निवडायचा आणि आदल्या संध्याकाळी बोट ठरवायची. पुण्यातून आगाऊ पैसे भरलेली बोट वाऱ्याच्या दिवशी आली तर माणसं पैसे वाया जाऊ नयेत म्हणून जातात आणि दिवसभर ओकत बसतात. आजी बोटीत जाणार नाहीत, त्या सुरूच्या सावलीत. सोबत सूनबाई. तसं त्यांनी आपणहून सांगितलं.

गाडी स्वतः चालवायची नाही असं ठरलं. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, तरी अनोळखी रस्त्यावर सहा जणांची जबाबदारी मुलावर टाकली तर त्याची सुट्टी कुठली? तीन दिवसांपुरती चालकासह व्हॅन.

पेठेतून बाहेर पडणं

सगळ्यात नाजूक टप्पा घरापासून एक किलोमीटरच्या आतला निघाला. विसर्जनाची मिरवणूक शुक्रवारी सकाळी मंडईतून निघते आणि शनिवारी दुपार-संध्याकाळपर्यंत लांबते. लक्ष्मी, कुमठेकर, केळकर आणि टिळक रस्ता, चारही मार्ग भरलेले. शनिवारी पेठेत गाडी येईल या भरवशावर विमान पकडायचं नाही. म्हणूनच २६ चं विमान टाळून रविवारी सकाळचं घेतलं.

आत्याचं घर कर्वेनगरला. गुरुवारी संध्याकाळी बॅगा तिकडे. शुक्रवारी सकाळी साडेसातला उत्तरपूजा आणि घरच्या घरी बादलीत विसर्जन, आणि रस्ते बंद व्हायच्या आत आजी-आजोबा रिक्षाने आत्याकडे. बाकीचे चौघं मिरवणूक बघून शनिवारी दुपारी राजेंद्रनगरमार्गे म्हात्रे पुलावरून चालत. पाठीवर फक्त पासपोर्टची पिशवी आणि पाण्याच्या बाटल्या.

गाडी इनोव्हा नको. सहा माणसं बसली की मागची रांग उघडावी लागते आणि मोठ्या बॅगा कॅरिअरवर जातात. घाटात पावसाची सर आली की ताडपत्रीतून पाणी झिरपतं. बारा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर, चढायला पायरी असलेली. निघायची वेळ शनिवारी रात्री आठ. शनिवारी रात्री लोणावळ्याची गर्दी असते, शिवाय सप्टेंबरचा पाऊस, म्हणून मुंबई विमानतळासाठी पाच तास धरले. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून तिकिटावर बीओएम (मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई) हे आधी बघायचं आणि चालकालाही लिहून द्यायचं. इथे ते बीओएम, टर्मिनल २. आजींसाठी व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवली आणि निघण्याच्या ४८ तास आधी फोन करून पुन्हा खात्री करायची, परतीच्या विमानासाठीही.

आत्याकडच्या फ्रीजच्या दारावर कागद चिकटवलेला आहे. त्यावर एकच ओळ: इन्सुलिन खालच्या कप्प्यात, रात्री पावणेआठला काढणे.